माडाखाली बोंडांचा सडा: औषध मारण्याआधी पडलेलं बोंड सोलून बघा

फेब्रुवारी लागला की माझ्या फोनवर तेच फोटो यायला लागतात. सोसायटीच्या आवारातली फरशी, तिच्यावर सुपारीएवढी, लिंबाएवढी हिरवी बोंडं पसरलेली, आणि खाली प्रश्न: "ताई, आमचा माड परत गळायला लागला. कुठलं औषध मारू?" एप्रिलपर्यंत फोटो वाढत जातात. जुलैत वेगळेच येतात, काळपट आणि सडके.

माझं माहेर मढचं. वाडीत वाढले, आता मालाडला राहते आणि आसपासच्या पाच-सहा सोसायट्यांचे माड हौसेनं बघते. शेतकी शिक्षण नाही, पण संशोधन केंद्रांची पत्रकं आणि पुस्तिका वाचायची सवय आहे. नारळावर आपल्याकडे काम कमी झालेलं नाही. केरळात कासरगोडला १९१६ पासून नारळाचं संशोधन केंद्र आहे, रत्नागिरीजवळ भाट्येला १९५५ पासून. अडचण एवढीच, की ती पत्रकं बागायतदारासाठी लिहिलेली असतात. साडेसात मीटरवर एक माड, हेक्टरी पावणेदोनशे झाडं, पंप, पाट, गडी. आपल्याकडे तीन माड, त्यातला एक मीटरच्या खोलीला टेकलेला, आणि गडी म्हणजे दोन महिन्यांनी एकदा नारळ उतरवायला फिरकणारा पाडेली. तेव्हा त्या माहितीचं मुंबईच्या आवारात काय करायचं, ते एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आधी एक खुलासा. थोडी गळ व्हायचीच, तो रोग नव्हे. माडाच्या प्रत्येक झावळीच्या बगलेतून एक पोय, म्हणजे फुलोरा, निघते. तिच्या काड्यांच्या बुडाशी मादी फुलं असतात, तीच आपली बोंडं. वर शेंड्यापर्यंत बारीक नरफुलं. आवरण फुटल्यावर दोन-तीन आठवडे ही नरफुलं झडत राहतात. फिकट पिवळी, भाताच्या दाण्यासारखी. काही जण त्यांचेही फोटो पाठवतात. त्यांच्याकडे बघूच नका. मादी फुलांतलीही सगळी टिकत नाहीत. चांगल्या माडावर साधारण पाव ते चाळीस टक्के टिकली तरी भरून पावलं. बाकीची पहिल्या दोन महिन्यांत आपोआप गळतात. झाडाला पेलवतील तेवढीच ते ठेवतं. नुकत्याच फुलायला लागलेल्या माडाची तर पहिली एक-दोन वर्षं जवळजवळ सगळी बोंडं खाली येतात. त्याला काही करू नका.

चिंता केव्हा करायची? घोसच्या घोस रिकामे राहत असतील, किंवा मुठीपेक्षा मोठी फळं पडत असतील, किंवा मागच्या वर्षीपेक्षा डोळ्यांना दिसण्याएवढा फरक असेल तेव्हा.

मग फोन करण्याआधी हे करा. सकाळी झाडू फिरण्याआधी खाली या आणि पडलेली वीस-तीस बोंडं गोळा करा. एकाच माडाखालची. दोन माडांची मिसळली तर निदान गेलं. वर देठाला चिकटलेली टोपी असते, एकावर एक चढलेल्या जाड पाकळ्यांची. ती अंगठ्याच्या नखानं सोलून काढा. नाही निघाली तर भाजीच्या सुरीचं टोक घाला. टोपीखाली जे दिसेल त्यावर पुढचं सगळं ठरतं.

टोपीखाली पांढरट, स्वच्छ, कुठे डाग नाही, वास नाही: मुंबईत दहातल्या सात-आठ वेळा मला हेच दिसतं. हा किडीचा प्रकार नाही, औषधाचा पैसा वाया जाणार. पाणी, अन्न, ऊन किंवा परागीभवन यांतलं काहीतरी कमी पडलंय.

टोपीच्या कडेपासून खाली उतरणारा फिकट त्रिकोणी पट्टा, मोठ्या फळावर तोच तपकिरी, खरबरीत, भेगाळलेला: हा कोळी. इरिओफाइड कोळी म्हणतात त्याला. कीटक नव्हे, कोळ्याच्या जातीचा जीव, लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दहापट दाखवणाऱ्या भिंगातून टोपीच्या आतल्या बाजूला पांढरी पिठूळ हालचाल दिसते. आपल्या देशात तो १९९८ मध्ये केरळात पहिल्यांदा नोंदला गेला आणि मग किनाऱ्याकिनाऱ्यानं पसरला.

देठाकडचा भाग पाणथळ, मऊ, तपकिरी, पावसाळ्यात पडलेलं: बुरशी.

देठाजवळ वाटोळं भोक, कडेला दातांच्या खुणा: उंदीर. हसू नका. मुंबईत हे फार आहे, आणि लोक त्यावर कीटकनाशक मारून घेतात.

आता स्वच्छ बोंडांविषयी, कारण खरी मेख तिथे आहे.

आमच्या मागच्या गल्लीतल्या सोसायटीत फाटकाशी एक बाणवली, म्हणजे उंच जातीचा, माड आहे, चाळीसेक वर्षांचा. आवारात पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा ते थेट बुंध्याला भिडवले. चुंबळीएवढीसुद्धा माती ठेवली नाही. दोन वर्षांत गळ वाढली. समितीनं एका कंपनीला बोलावून दोनदा फवारणी करून घेतली. तिसऱ्या वर्षी सेक्रेटरींनी मला बोलावलं. मी वॉचमनच्या स्टुलावर बसून त्रेचाळीस बोंडं सोलली. तीनांवर कोळ्याचा पट्टा होता, एक उंदरानं कुरतडलेलं. बाकी एकोणचाळीस धुतल्यासारखी स्वच्छ.

"म्हणजे औषध लागू पडलं ना?" सेक्रेटरी म्हणाले.

"काका, रोगच नव्हता. झाडाला पाणी नाही."

"अहो, मुंबईत एवढा पाऊस पडतो!"

पडतो, दोन हजार मिलिमीटरच्या वर. पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ऑक्टोबर ते मे माड आमच्या-तुमच्या भरवशावर असतो. आणि माडाला सोटमूळ नसतं. दोरखंडासारखी तंतुमुळं बुंध्यापासून साधारण दोन मीटरच्या वर्तुळात दाट असतात, तीच खरी कामाची. त्या वर्तुळावर आपण फरशी घातली, वर गाडी उभी केली. वाडीत वाढलेल्या माणसाला ते बघवत नाही.

पत्रकात लिहिलेलं असतं, १.८ मीटर त्रिज्येचं आळं करा. सोसायटीत हे वाक्य उच्चारलं की पार्किंगवरून भांडण ठरलेलं. त्या माडाला आम्ही शेवटी दोन बाजूंनी दीड मीटर आणि तिसऱ्या बाजूनं एक फूट माती मिळवली. चौथ्या बाजूला फाटकच आहे. ब्लॉक काढले तर खाली खडी आणि सिमेंटची कच. ती वीतभर खोल उकरून लाल माती आणि पालापाचोळ्याचं खत भरलं. उकरताना मुळं तोडू नका, खुरपं वापरा, पहार नको.

पाणी किती? आळ्यातून द्यायचं तर मोठ्या माडाला चार दिवसांनी दोनशे लिटर, नाहीतर ठिबकनं रोज तीस-चाळीस लिटर. हा आकडा ऐकून लोक दचकतात. पिण्याचं पाणी ओतू नकाच. एसीच्या नळ्या एकत्र करून आळ्यात सोडा. उन्हाळ्यात एसी जास्त चालतात आणि माडालाही तेव्हाच पाणी हवं असतं, हा योग सोडू नये. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी आणि बोअरचं मचूळ पाणीही माडाला चालतं. समुद्रकाठचं झाड आहे, थोड्या खारटपणाला ते डरत नाही. कपड्यांच्या साबणाचं पाणी मात्र मी टाळते.

आळ्यात ओल धरून ठेवायला नारळाच्या सोडणासारखं, म्हणजे वरच्या तंतुमय सालीसारखं, दुसरं काही नाही. ती स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरते आणि पुरली तर पाच-सहा वर्षं काम देते. कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याकडे पोतीच्या पोती फुकट मिळतात. फक्त एक सांभाळा: अख्खी शहाळी वाटीसारखी उताणी ठेवली तर त्यांत पाणी साचतं, डास होतात, आणि पालिकेची नोटीस येते. चार तुकडे करा, पाठ वर करून पसरा, वर पाला टाका.

त्या माडाचं पुढे काय झालं? पहिल्या उन्हाळ्यात गळ तशीच. समितीच्या बैठकीत मला टोमणे ऐकावे लागले. दुसऱ्या उन्हाळ्यात झाडू मारणाऱ्या मावशी म्हणाल्या, "यंदा पाटी नाही लागत, सुपलीत मावतात."

एवढा वेळ का लागला, हे समजलं तर निम्मी घाई टळेल. पोयीचा कोंब झाडाच्या गाभ्यात धरतो तो ती बाहेर येऊन फुटण्याच्या सुमारे बत्तीस महिने आधी. फुटल्यावर नारळ पिकायला आणखी बारा महिने. म्हणजे आज तुम्ही फोडलेला नारळ साडेतीन वर्षांहूनही आधी सुरू झालेला असतो. मधल्या कुठल्याही उन्हाळ्यात झाड तहानलं तर तो हिशोब पुढे कधीतरी निघतो. मार्चमध्ये खत घातलं आणि एप्रिलमध्ये फरक नाही म्हणून दुसरं घातलं, असं करणाऱ्यांना मी हात जोडते.

खताचं थोडक्यात सांगते. मोठ्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश, ही कासरगोडची जुनी शिफारस. दुकानातल्या भाषेत ती युरिया सव्वा किलोच्या आत, सिंगल सुपर फॉस्फेट दोन किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश दोन किलो. शिवाय कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट जमेल तेवढं. पालाश सगळ्यांत जास्त आहे हे लक्षात घ्या. सोसायटीतले लोक नेमका तोच घालत नाहीत, कारण बागेसाठी आणलेला युरिया घरात पडलेला असतो. एक तृतीयांश पावसाच्या तोंडावर, उरलेलं सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस ओसरताना. जुलैच्या धुवाधार पावसात घातलेलं खत गटाराला जातं. खालच्या जुन्या झावळ्यांची टोकं आणि कडा करपत असतील तर पालाशाची शंका घ्या. जुनी पानं पिवळी पण मधली शीर हिरवी असेल तर मॅग्नेशियम कमी, वर्षाला अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट. नवीन झावळीची पाती एकमेकांना चिकटून राहतात, टोकं आकड्यासारखी वळतात आणि गळही आहे, असं असेल तर बोरॉन. त्याला ५० ग्रॅम बोरॅक्स पुरतं. मुठीनं घालू नका, जास्त झालं तर तेच बाधतं.

आणखी दोन कारणं स्वच्छ बोंडांत येतात, आणि दोन्ही खास शहरी. पहिलं, झावळ्या छाटणं. पावसाळ्याआधी "साफ" करायचं म्हणून कुणाला तरी बोलावतात आणि तो माड पार बोडका करून जातो. वर ताठ उभ्या चार झावळ्या, सलून मधून आल्यासारखा. मोठ्या माडावर तीस ते चाळीस झावळ्या हव्यात आणि वर्षाला नवीन जेमतेम बारा-चौदा येतात. हिरवी झावळी कापली की तिच्या बगलेतल्या घोसाचं अन्न तुटतं आणि टेकूही जातो. घोस देठात वाकतो, बोंडं गळतात. वाळलेली, लोंबणारी तेवढीच काढायला सांगा आणि तो वर असताना खाली, जरा लांब उभं राहून लक्ष ठेवा. दुसरं, ऊन. शेजारी टॉवर उभा राहिला आणि दुपारनंतर सावली पडायला लागली तर त्यावर उपाय नाही. असा माड शोभेला ठेवावा, नारळाची आशा सोडावी.

परागीभवनाचं क्वचित असतं, तरी सांगते. बाणवलीत नरफुलं आधी संपतात, मादी फुलं नंतर उमलतात, म्हणून पराग बहुधा दुसऱ्या पोयीचे किंवा दुसऱ्या माडाचे लागतात. ते काम वारा आणि मधमाश्या करतात. गच्चीखालचं पोळं जाळून वर माडाला फळ धरत नाही म्हणणारे लोक मी पाहिलेत.

आता कोळी. बोंडांवर पट्टा दिसला तरी घाबरायचं कारण नाही. बरेचदा फळ पडत नाही, फक्त लहान राहतं आणि सोडण कडक होते. दहातल्या दोन-तीन बोंडांवर असेल तर मी पाणी आणि पालाश नीट करते, फवारत नाही. त्याहून जास्त असेल तर कडुनिंब तेल आणि लसणाचं मिश्रण करा. दहा लिटरला २०० मिली कडुनिंब तेल, २०० ग्रॅम लसूण, ५० ग्रॅम साधा वडीचा साबण. साबण किसून अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवा, त्यात तेल बारीक धारेनं ओतत घोटा, दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. वर तेलाचे डोळे तरंगत असतील तर अजून घोटा. लसूण वाटून, पातळ फडक्यातून दोनदा गाळून घाला, नाहीतर पंपाचं तोंड बुजतं आणि पाडेली वरून शिव्या देतो. मग पाणी घालून दहा लिटर करा आणि त्याच दिवशी संपवा. फवारा फक्त कोवळ्या घोसांवर, टोपीच्या कडेवर बसेल असा. पूर्ण झाड धुऊ नका, आणि नुकत्याच फुटलेल्या पोयीवर मारू नका, तिथे मधमाश्या असतात. वर्षातून तीनदा: डिसेंबर-फेब्रुवारी, एप्रिल-जून, सप्टेंबर-ऑक्टोबर. खालच्या लोकांना आधी सांगा, लसणाचा वास दोन दिवस जात नाही.

जुन्या पत्रकांत मोनोक्रोटोफॉस मुळातून द्या असं छापलेलं सापडतं. ते अतिशय जहाल विष आहे. ज्या माडाची शहाळी आपलीच पोरं पितात तिथे त्याचा विचारही करू नका. पत्रक कुठल्या सालचं आहे ते आधी बघा, ही माझी पक्की सवय आहे.

पावसाळ्यातल्या सडक्या बोंडांना बोर्डो मिश्रण. तेही पाऊस सुरू होण्याआधी, शेंड्यावर आणि घोसांवर. दहा लिटरला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करा. धातूचं भांडं नको. झाल्यावर लोखंडी सुरीचं पातं बुडवून बघा. तांबूस थर चढला तर अजून थोडा चुना घाला, नाहीतर पानं करपतील.

उंदरांसाठी बुंध्यावर माणसाच्या उंचीच्या थोडं वर, दीड फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गोल बसवा. खिळे ठोकू नका, तारेनं आवळा आणि दरवर्षी तार तपासा. पण झावळी गच्चीला किंवा केबलला टेकत असेल तर उंदीर तिकडूनच येतो, पत्रा बिचारा खाली शोभेला. आधी ती वाट तोडा.

हे सगळं बोंडांपुरतं. शेंड्यातला मधला कोवळा कोंब पिवळा पडून ओढल्यावर हातात येत असेल आणि कुजका वास असेल, किंवा खोडाच्या भोकातून तपकिरी चीक आणि चघळल्यासारखा भुसा बाहेर येत असेल, तर हे वाचत बसू नका. पहिली कोंबकूज, दुसरा सोंड्या भुंगा. दोन्ही झाड मारतात, आणि पोखरलेला माड आवारात पडला तर माणसालाही मारू शकतो. त्याच दिवशी जाणकाराला वर चढवा. झाड तोडायची वेळ आलीच तर १९७५ च्या कायद्याखाली परवानगी लागते, वॉर्डातल्या उद्यान खात्याकडे अर्ज करा. परस्पर करवत लावू नका.

आणि मला फोटो पाठवायचाच असेल तर फरशीवरच्या सड्याचा नको. दहा बोंडं टोप्या काढून एका ताटात, शेजारी एक रुपयाचं नाणं, म्हणजे आकार कळतो. एक फोटो शेंड्याचा, एक सर्वांत खालच्या झावळीचा. आणि एक बुंध्याचा, जरा लांबून, गाडी बाजूला काढून.